झोपलेल्या पट्टीवरचे ठिपके

१

दुपारी जेवायला उठायच्या आधी तिचा एक ठरलेला रिवाज होता. संगणकाला झोपवायचं, आतल्या पंख्याची घरघर थांबेपर्यंत ऐकायचं, आणि मग पट्टीवरून डावीकडून उजवीकडे तळहात फिरवायचा. पट्टी सपाट लागली की काम मिटलं. दुकानदार शटर ओढल्यावर कुलूप एकदा हलवून बघतो ना, तसंच.

पट्टी म्हणजे ब्रेलची पट्टी. हातभर लांब, टेबलाच्या कडेला ठेवलेली, एका केबलने संगणकाला जोडलेली. संगणकात जी ओळ चालू असेल ती या पट्टीवर बारीक खुंट्यांच्या ठिपक्यांनी वर येते आणि बोटांनी वाचता येते. ओळ बदलली की खुंट्या एकदम हलतात आणि ताटलीत मूठभर तांदूळ सांडावेत तसा आवाज होतो. पट्टीला स्वतःची बॅटरी नाही. केबलमधून वीज आली तर खुंट्या उभ्या, नाही आली तर आडव्या, इतका सरळ मामला. संगणकाला पडदा नव्हताच. ज्या बाईला जन्मापासून दिसत नाही तिला पडदा कशाला, शोभेला?

ती ब्रेल छापणाऱ्या प्रेससाठी मुद्रितं तपासायची. प्रेसमध्ये तिचं नाव चाळणी. तिच्या हाताखालून चूक गेली असं गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि कोणी तसं म्हणालंच तर ती त्याला सोडायची नाही.

त्या दुपारी ती जेवून आली, खुर्ची पुढे ओढली आणि सवयीने पट्टीवर हात ठेवला. हाताला ठिपके लागले.

तिने हात उचलला. ऐकलं. पंखा बंद होता. संगणक गाढ झोपलेला होता आणि पट्टी मात्र टक्क जागी. तिने पुन्हा बोटं टेकवली आणि वाचलं. जिथे सोडलं होतं ती ओळ नव्हती, तीन ओळी पुढची होती. म्हणजे ती पोळीभाजी खात होती तेवढ्यात कोणीतरी इथे बसून पुढे वाचत गेलं होतं.

"बिघडली वाटतं मेली," ती मोठ्याने म्हणाली. एकटं असताना मोठ्याने बोलायची तिला सवय नव्हती, आणि ते तिच्या लगेच लक्षात आलं.

२

एरवी तिने एवढं मनावर घेतलं नसतं. पण हातात होती ती शालान्त परीक्षेची प्रश्नपत्रिका. डोळसांना छापील मिळते तीच, ठिपक्यांतली. घरी नेऊन तपासायची परवानगी प्रेसच्या साहेबांनी तिला एकटीला दिली होती. "तुमच्या मशीनला पडदाच नाही, डोकावणार कोण?" असं म्हणून ते हसले होते, आणि मग हसू आवरून त्यांनी तिच्याकडून शब्द घेतला होता की दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही. पेपर फुटला तर तिचं काम जाईल हे तर झालंच. पण चाळणी हे नाव जाईल, आणि त्या नावाखेरीज तिने स्वतः कमावलेलं असं दुसरं काय होतं?

आणि वरच्याच मजल्यावर नणंद राहायची. नणंदेची मुलगी यंदा त्याच परीक्षेला बसलेली.

नणंद रोज दुपारी खाली यायची. पायऱ्या उतरायच्या आधीच तिचं बोलणं उतरायचं. "वहिनी, जेवलीस का गं? आमच्या बाईसाहेब पुस्तक उघडतात आणि पुस्तकावरच झोपतात. काय लिहिणारे कोण जाणे." मग कामाच्या खोलीतली दुसरी खुर्ची ओढून ती बसायची आणि निवांत बोलत राहायची. घराची किल्ली तिच्याकडे होती. मनाने बाई वाईट नव्हती. पण लेकीच्या बाबतीत कोणती आई सरळ चालते?

"ताई, तुम्ही आज दुपारी माझ्या खोलीत गेला होतात?"

"मी? छे गं. आत्ता येतेय. का?"

"काही नाही. सहज."

"सहज कोणी असं विचारत नाही," नणंद म्हणाली आणि गप्प झाली. नणंद गप्प होणं ही मुळात साधी गोष्ट नव्हती.

शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. ठिपके वाचता येत नाहीत म्हणून काय झालं? मोबाइलने फोटो काढला की मोबाइलच वाचून दाखवतो हल्ली. पट्टीचं पुढच्या ओळीचं बटण दाबत जायचं, फोटो काढत जायचा, संपलं. कुठल्याही शहाण्या माणसाला सुचेल.

पण संध्याकाळी काम जुळवून बघताना तिच्या शहाणपणाला खीळ बसली. टायपिस्टची मूळ प्रत आणि तिची तपासलेली प्रत शेजारी ठेवली की कुठे कुठे दुरुस्ती केली ते संगणक सांगतो. त्यात एक दुरुस्ती अशी निघाली की ती तिने केलीच नव्हती. नद्यांच्या प्रश्नात एका अक्षराचा एक ठिपका कमी होता. तो भरलेला होता. बरोबर भरलेला होता.

आणि ती ओळ तर तिने सकाळीच तपासून सोडून दिली होती. म्हणजे तिच्या हाताखालून चूक गेली होती, आणि ती कोणीतरी धरली होती. कोणीतरी खोलीत आलं याच्यापेक्षा हे तिला जास्त लागलं.

३

दुसऱ्या दिवशी तिने सापळा लावला. जेवायला उठताना मुद्दाम एका शब्दातला एक ठिपका काढून टाकला. असा शब्द निवडला की ठिपका गेल्यावरही दुसरा धडधाकट शब्द उरावा. फोटो काढणाऱ्याला कळणार नाही, मोबाइललाही कळणार नाही. कळेल ते फक्त बोटांनी, अर्थ लावत वाचणाऱ्याला.

जेवताना तिचं लक्ष सगळं आतल्या खोलीकडे होतं. नवरा समोर बसून जेवत होता. त्याचं चौकात चष्म्याचं दुकान. दुपारी शटर अर्धं ओढून तो घरी यायचा. चष्मेवाल्याची बायको आंधळी, यावर लग्नात सगळ्यांनी हसून घेतलं होतं आणि सगळ्यांच्या आधी ती हसली होती. "गिऱ्हाईक समजून मागे लागला आणि फसला बिचारा," असं ती अजून सांगायची.

"मीठ बरोबर आहे ना?" तो म्हणाला.

"हं."

"लक्ष कुठंय तुझं?"

मधे तो पाणी आणायला उठला. माठ कामाच्या खोलीच्या दाराशी होता. त्याला जरा वेळ लागला, किंवा तिला तसं वाटलं.

ती परत जाऊन बसली तेव्हा पट्टी पुन्हा जागी होती, आणि काढलेला ठिपका जागेवर होता.

आता नणंद सुटली. ब्रेल न येणाऱ्याचं हे काम नव्हतं. आणि या घरात, तिच्याशिवाय, ब्रेलची मुळाक्षरं गिरवलेला माणूस एकच होता. लग्न ठरल्यावर तिला चिठ्ठी लिहिता यावी म्हणून त्याने हौसेने शिकायला घेतलं होतं. नंतर "माझ्या बोटांत जीवच नाही गं" म्हणून सोडून दिलं होतं. निदान तसं तो म्हणाला होता.

निदान तसं तो म्हणाला होता! हे वाक्य मनात आलं आणि तिला घाम फुटला. कारण तिला न दिसणारं सगळं जग तिच्यापर्यंत याच माणसाच्या तोंडून यायचं. तो म्हणाला भिंत हिरवी, की भिंत हिरवी. तो म्हणाला ड्रेस उलटा नाहीये, की ती बिनघोर रस्त्यावर. त्याच्या शब्दावर संशय घ्यायचा तर मग पाय ठेवायचा कुठे?

तरी संध्याकाळी तो आल्यावर तिने त्याचे हात हातात घेतले आणि एकेक बोट अंगठ्याने चाचपून पाहिलं. वाचणाऱ्याच्या बोटाचं टोक मऊ राहतं, जपलेलं असतं. त्याची बोटं काचांच्या कडा घासून घासून खरखरीत झालेली, टोकांना घट्टे, एकावर जुनी चीर. असल्या बोटांना ठिपके काय, बटाटेसुद्धा धड लागले नसते. तिच्या जिवात जीव आला.

पण त्याने हात काढून घेतला. "तू माझी बोटं तपासतेयस?"

"नाही रे, उगाच..."

"मी चष्मे विकतो, मला दिसतं. मी काही आंधळा नाही," तो म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं असावं. रात्रीचं जेवण दोघांनी भांडीच ऐकत उरकलं.

४

दुरुस्तीवाल्याला नवऱ्यानेच बोलावलं. "एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे," म्हणाला. दुरुस्तीवाला बडबड्या, अंगाला सोल्डरिंगचा वास, येताना आपला पडदा सोबत घेऊन आलेला. तो टेबलाच्या डाव्या अंगाला भिंतीशी उभा राहिला, ती आपल्या खुर्चीत, नवरा मागे दारात.

"मॅडम, झोप म्हणजे काय मरण नव्हे," त्याने सुरुवात केली. "संगणक झोपला तरी आत थोडी वीज खेळती असते, नाहीतर उठल्यावर त्याला काही आठवणार नाही. आता ही तुमची पट्टी यूएसबीवर. झोपेत यूएसबीला वीज द्यायची की तोडायची, हे विंडोज नाही ठरवत. त्याच्या खाली फर्मवेअर असतं, ते ठरवतं."

"म्हणजे कोण?" तिने विचारलं.

"इमारतीचा वॉचमन समजा. वरचे भाडेकरू झोपले तरी तो जागा. रात्री कुठलं दार उघडं ठेवायचं, कोणी बेल दाबली तर कोणाला उठवायचं, सगळं त्याच्या हातात. तुमच्या वॉचमनने हे एक दार सताड उघडं टाकलंय. झोपल्यावर आधी वीज तुटते, पण थोड्या वेळाने पट्टीला परत जातेय. आणि पट्टीचं बटण दाबलं तर मशीन उठतंय, ओळ बदलून परत झोपतंय."

"पण बटण कोण दाबतंय?"

"ते मी कसं सांगू? शेवटचं कोणी उठवलं याची नोंद इथे आहे. यूएसबी, म्हणतंय. म्हणजे दाबलं पट्टीवरूनच. बोटाने."

तिला मागे नवऱ्याचा श्वास ऐकू आला, आणि तो तिला जरा जवळून आल्यासारखा वाटला.

दुरुस्तीवाल्याने फर्मवेअर नवीन घातलं. झोपेत यूएसबीची वीज तोडायची असं त्यात बसवलं. झोपेतून उठवायचा हक्क आता फक्त संगणकाच्या डब्यावरच्या मोठ्या बटणाला. खात्री पटवायला त्याने पोर्टात एक इवलासा दिवा खुपसला.

"दिवा मला काय दाखवता?" ती म्हणाली. "फुंकर मारणारं काही असेल तर लावा."

तो दिलखुलास हसला आणि पिशवीतून मुठीएवढा पंखा काढला. तिच्या गालावर वारा आला. "आता झोपवतो बघा. पडदा काळा होईल, पंखा थांबेल. काळ्या पडद्यात मग आपलीच तोंडं दिसतात, तुम्ही, मी, मागे साहेब, आणि..."

वारा थांबला. त्याचं बोलणंही थांबलं.

"आणि काय?" तिने विचारलं.

"झालं," तो म्हणाला. "झालं तुमचं काम." त्याने पडद्याच्या वायरी ओढून काढल्या. इतक्या घाईने की एक तिच्या मनगटाला लागली. भिंतीला अंग घासत तो दारापर्यंत गेला, नवऱ्याशी दोन शब्द कुजबुजला आणि निघून गेला. त्याचा पंखा पोर्टातच राहिला. तो न्यायला दुरुस्तीवाला कधी आला नाही.

"काय म्हणाला तुला?" तिने विचारलं.

"काही नाही. नीट झालंय म्हणाला," नवरा दारातूनच म्हणाला. "तू चल ना बाहेर. जेवून घेऊ."

५

त्यानंतर नवरा त्या खोलीत आला नाही.

आधी तिच्या ध्यानात आलं नाही. मग आलं आणि मग दुसरं काही ध्यानात येईना. चहा तो उंबऱ्यावर ठेवायचा आणि हाक मारायचा. काही विचारायचं तर दारात उभा राहून. "आपण तुझं टेबल बाहेरच्या खोलीत लावू या का?" हे त्याने किती वेळा विचारलं असेल! उजेड चांगला आहे बाहेर, म्हणे. उजेड! तिला?

नणंदसुद्धा आता पायऱ्यांवरूनच विचारपूस करून परत जायची. दुसरी खुर्ची तशीच पडून.

दोघं मिळालेली आहेत, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. टेबल बाहेर आलं की येता-जाता हात मारायला सोपं. भाचीवर याचा जीव, लहानपणी खांद्यावरून उतरवायचा नाही तिला. बहिणीने दोन अश्रू काढले असतील आणि हा विरघळला असेल. बोटं खरखरीत असली म्हणून काय झालं, वाचायला बसणारा तिसराच कोणी आणला असेल. तिच्या ओळखीतली ब्रेल येणारी माणसं तिने मनात एकेक करून उभी केली आणि एकेकाला तपासून खाली बसवलं. बाहेर जायची नाही, असं तिने ठरवलं. इथून हलायचंच नाही. बसू दे त्यांना दारात ताटकळत.

पण पट्टीचं काय? पंखा तिने तसाच लावून ठेवला होता. संगणक झोपला की वारा थांबायचा. वीज तुटायची, हे गालाला कळत होतं. आणि तरीही जेवून आलं की पट्टीवर ठिपके. वारा नाही, घरघर नाही, आणि ठिपके उभे. कशाच्या जोरावर उभे? दुरुस्त्याही चालू होत्या, आणि त्या जुळवून बघताना टिकत होत्या. झोपलेल्या यंत्रात कोण लिहिणार? ती स्वतःची समजूत काढायची. चुंबक असेल. ओलावा असेल. खुंट्या अडकत असतील. अडकलेल्या खुंट्यांतून शुद्धलेखन सुधारत नाही, एवढं मात्र तिला कोणी सांगायला नको होतं.

शेवटी तिने प्रश्नपत्रिका बंद केली, कोरं पान घेतलं आणि त्यावर एक वाक्य लिहिलं. चिडून लिहिलं. सगळ्यांनाच ऐकवायचं होतं तिला.

मी या खोलीत एकटी आहे.

मग संगणक झोपवला, पट्टीवरून हात फिरवला, सपाट असल्याची खात्री केली, आणि बाहेर न जाता तिथेच, हात मांडीवर ठेवून, बसून राहिली. दाराकडून कोणी आलं नाही. जमीन वाजली नाही. रस्त्यावर एक मोटार मागे घेतल्याचा आवाज आला, वर नणंदेने खुर्ची सरकवली. मग अगदी जवळ, हातभर अंतरावर, ताटलीत तांदूळ सांडले.

तिने पट्टी वाचली. एक शब्द काढून टाकलेला होता.

मी या खोलीत आहे.

चूक होती म्हणून काढला होता. ती इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं अशीच नीट करत आली होती. हात ओळखीचा होता, पद्धत ओळखीची होती. प्रेसमध्ये कोणी असं काम करून आणलं असतं तर तिने शाबासकी दिली असती.

६

तिने नवऱ्याला सांगितलं नाही. काय सांगणार? आणि कोणाला सांगणार, ज्याच्यावर संशय त्यालाच?

पण त्या संध्याकाळी तो तिच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "एक मागू? ते काम परत देऊन टाक. नाव गेलं तर जाऊ दे."

"का?"

"मी म्हणतोय म्हणून."

"तूच म्हणतोयस म्हणून तर नाही," ती म्हणाली.

त्याला ते वर्मी लागलं. मग म्हणाला, "मी तुझ्याशी कधी खोटं बोललोय?" त्याचा आवाज कापत होता. ती त्या आवाजाला पुरती ओळखत होती. नवरा खोटं बोलायला लागला की आवाज कोरडा पडायचा, वाढदिवसाची भेट लपवताना पडायचा तसा. आत्ता कोरडा नव्हता. पण नीटही नव्हता. ती रात्रभर त्या आवाजाचा अर्थ लावत पडली आणि लागला नाही.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कोऱ्या पानावर दुसरं वाक्य लिहिलं.

माझा नवरा माझ्याशी खोटं बोलत नाही.

लिहिताना तिला वाटलं होतं की आपण पट्टीला विचारतोय. लिहून झाल्यावर कळलं की आपण प्रार्थना करतोय. तिने संगणक झोपवला. गालावरचा वारा थांबला. मग तिने पट्टीची केबलच उपसून काढली आणि तिचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं. आता काय वर येतंय बघू. दुसऱ्या हाताची बोटं तिने सपाट पट्टीवर टेकवली आणि नवऱ्याला हाक मारली.

तो आला. दारात थांबला.

"आत ये," ती म्हणाली.

"बोल ना. ऐकतोय मी इथून."

"खोलीत कोणी आहे का?"

"नाही," तो म्हणाला.

"नीट बघ. तुझ्या डोळ्यांनी बघ आणि मला सांग. माझ्या उजवीकडे ती दुसरी खुर्ची आहे, तिच्यात कोणी आहे?"

"कोणी नाही. रिकामी आहे."

"माझ्या मागे?"

"नाही कोणी. अगं, कोणी नाही." आवाज कोरडा होता. लाकडासारखा कोरडा.

तेवढ्यात बोटांखालची खुंटी हलली. एकच, तर्जनीखाली. मग तिच्या शेजारची. अक्षर होत नव्हतं. खुंट्या फक्त तिच्या बोटाच्या टोकाखाली वर येत होत्या, दाबत होत्या, पुढे सरकत होत्या. तिने बोट उजवीकडे नेलं, त्याही आल्या. थांबवलं, थांबल्या. दुसऱ्या बाजूनेही कोणी बोटं टेकवली असावीत तसं. मऊ, जपलेली, वाचणाऱ्याची बोटं. ती स्वतः काही वाचत नव्हती. तिचं बोट सावकाश, रेषेरेषेने, वाचून घेतलं जात होतं.

मग तांदूळ सांडले आणि वाक्य वर आलं. केबल तिच्या मुठीत होती.

माझा नवरा माझ्याशी खोटं बोलतो.

शेवटचा शब्द गेला होता आणि त्याच्या आधीचा नीट करून ठेवला होता. चोख काम. एवढ्या दिवसांत या हाताने एकही चुकीची दुरुस्ती केली नव्हती, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

"काय झालं?" नवरा म्हणाला. "काय लिहिलंय तिथे?"

"तू खोटं बोलतोयस," ती म्हणाली.

मग त्याने नाक ओढलं, आणि तिच्या लक्षात आलं की तो रडतोय. आवाज न करता, तोंड दाबून, बहुतेक पहिल्यापासूनच रडतोय.

"हो," तो म्हणाला. "बोलतोय. तू नंतर मला हवं ते बोल, हवं तितकं भांड. आत्ता फक्त उठ. हळू उठ, खुर्ची वाजवू नकोस. आणि माझ्या आवाजाकडे ये."

ती उठली. खुर्चीपासून दारापर्यंतची वाट तिच्या पायांना पाठ होती. मधे ना स्टूल, ना चटई, ना कसली वायर. ती हजारदा या वाटेने सरळ, हात पुढे न करता, चालत गेली होती. तिने पहिलं पाऊल टाकलं.

"सरळ नको," नवरा घाईने म्हणाला. आता त्याचा आवाज कोरडा नव्हता. "भिंतीला लागून ये. पाठ भिंतीला लाव आणि अशीच सरकत ये माझ्याकडे. शाबास. हात आत घे. अजून आत घे."

मधे काहीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने हात छातीशी धरले, पाठ भिंतीला लावली आणि तो म्हणाला तशी आली.